सोहारचा थांबलेला आकडा

ओमानहून परतल्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाने मला दोनच गोष्टी विचारल्या: ऊन किती होतं आणि खजूर आणलेस का. ऊन भरपूर होतं, खजूर आणले. पण मी तिथे गेलो होतो ते तीन वर्षांपूर्वीची माझी एक चूक कपाटातून काढून फेकायला, आणि ती कुणाला न कळता निघून जावी अशी जाताना माझी इच्छा होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढे डोंगर आणि समुद्राचं वर्णन येईल, ते वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

गाला, रविवार

आपल्याकडे रविवार लोळण्याचा. तिथे तो आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. मस्कतच्या विमानतळावरून मी थेट गाला भागात गेलो. गॅरेज, टायरची दुकानं, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि या सगळ्याच्या मागे तपकिरी, बोडके डोंगर. झाड नाही, गवत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ते डोंगर आधी अपुरे वाटतात, मग हळूहळू भीती घालतात. काही लपवायला जागाच नाही त्यांच्यात.

तिथल्या एका वर्कशॉपमध्ये आमची नवी कपाटं तयार होत होती. कपाट म्हणजे पॅनेल. वर्कशॉपचा सुपरवायझर संतोष गुरव कुडाळजवळचा, ओमानात पंधरा वर्षं. मला पाहताच त्याने कामगारांना "यल्ला, यल्ला, चाय!" अशी हाक दिली आणि पॅनेलचं दार उघडून म्हणाला, "बघा ढवळेसाहेब, देवघरासारखं वायरिंग केलंय. चप्पल काढून आत बघा."

वायरिंग खरंच सुंदर होतं. मी बघत होतो, पण लक्ष लागत नव्हतं. एका जागी उभं राहवत नव्हतं. बॅगेतला लॅपटॉप आहे ना हे मी तासाभरात चारदा तपासलं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कारखान्यातले पंप, झडपा, टाक्या यांच्यावर नजर ठेवणारा एक छोटा संगणक असतो. त्याला आम्ही कंट्रोलर म्हणतो. टाकी किती भरली ते तो मोजतो, भरत आली की पंप बंद करतो. मोठ्या कारखान्यात असे अनेक कंट्रोलर असतात आणि केबलवरून ते सेकंदाला कित्येकदा एकमेकांना खबर देत राहतात. प्रश्न असा येतो की खबर येणंच बंद झालं तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? जबाबदार इंजिनीअर त्याला शिकवून ठेवतो: खबर थांबली की पंप बंद कर आणि ऑपरेटरच्या पडद्यावर लाल पट्टी दाखव. दुसराही पर्याय असतो: शेवटी जे ऐकलं तेच खरं धर आणि चालू राहा. प्रोग्रॅममध्ये ही एवढीशी चौकट असते. तिच्यात खूण करायची, की झालं.

सोहारच्या खाद्यतेलाच्या कारखान्यात मी दुसऱ्या पर्यायावर खूण केली होती. टाक्या एका टोकाला, त्यांचा कंट्रोलर तिथेच. पंप आणि मुख्य कंट्रोलर दुसऱ्या टोकाला. मधल्या केबलवरचा एक डबा उन्हाने तापला की दोन-चार सेकंद बंद पडायचा आणि सगळा प्लँट थांबायचा. मॅनेजर वैतागला होता, माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. मी खूण केली, लाल पट्टीही बंद केली. आता फक्त दहा सेकंदांची मर्यादा घालायची राहिली होती, म्हणजे दहा सेकंदांत खबर परत आली नाही तर पंप थांबेल. ती उद्या सकाळी घालू म्हटलं. सकाळी गेटपासच्या रांगेत वेळ गेला आणि मी तसाच विमानतळावर गेलो.

पुढे काही आठवड्यांनी एका दुपारी तो डबा कायमचा बंद पडला. पडद्यावर टाकीचा आकडा एकाहत्तर टक्क्यांवर उभा राहिला आणि पंप चालूच. टाकी वाहिली. टाकी काठाशी आली की पंप थांबवणारा वेगळा स्विच होता, पण त्याचीही खबर त्याच केबलवरून यायची. माणूस जखमी झाला नाही, पण गरम पामतेलाने टाकीभोवतीचा हौद भरला. ऑपरेटर म्हणत राहिला की पडद्यावर एकाहत्तरच दिसत होतं. त्यांनी आम्हाला मेल करून विचारलं, असं होऊ शकतं का? उत्तर मी लिहिलं. एकच ओळ: प्रोग्रॅममध्ये कोणताही दोष नाही.

ऑपरेटर ड्यूटीवर झोपला होता, असं ठरलं.

आता ते जुने कंट्रोलर काढून नवे बसवायचे होते. प्रोग्रॅम मला माहीत म्हणून आमच्या चिंचवडच्या कंपनीने मलाच पाठवलं. बुधवारी जुने निघाले की ती चौकट कुणालाच दिसणार नव्हती.

त्या संध्याकाळी संतोषने बौशरला आपल्या घरी जेवायला नेलं. सोलकढी, भात, तळलेली कनद. कनद म्हणजे आपली सुरमई. त्याची मुलगी इंडियन स्कूलमध्ये पाचवीत. "काका, तुम्हाला भात... आय मीन, अजून देऊ?" म्हणत तिने माझ्या पानात भाताचा डोंगर केला. संतोषची बायको हसून म्हणाली, "तिला मराठी कमी येतं, पण आग्रह बरोबर येतो."

जेवण झाल्यावर गॅलरीत मी संतोषला सगळं सांगितलं. का, ते माहीत नाही. बहुधा कुणीतरी "जाऊ दे" म्हणावं म्हणून. त्याने तसंच म्हटलं.

"साहेब, बुधवारी जुना कंट्रोलर गेला की खलास. कित्याक ता उकरून काढूचा? कोण मेलंय का?"

"त्या ऑपरेटरचं पुढे काय झालं?"

"इब्राहिम खोत? वजनकाट्यावर बसवलाय त्याला. ट्रकची वजनं करतो." त्याने खालच्या रस्त्याकडे पाहिलं. "रत्नागिरीकडचा आहे. चांगला माणूस. सगळे त्याला नींदभाई म्हणतात."

सोहारच्या वाटेवर, सोमवार

मस्कतहून सोहारला जाताना उजवीकडे समुद्र आणि डावीकडे हजर पर्वत, मधल्या पट्ट्यात खजुराच्या बागा. समुद्र क्वचित दिसतो, पण त्याची दमट हवा काचेवर बसते. रस्ता आपल्याकडच्या कुठल्याही रस्त्यापेक्षा गुळगुळीत, आणि दर काही मैलांवर भलामोठा गोल चौक, त्याच्या मधोमध कुठे सुरई, कुठे होडी. गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे मी दोनदा ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा संतोष किल्ली पुढे करून म्हणाला, "चालवा मग! दंड तुमच्या नावावर."

वाटेत एका टपरीवर करक, म्हणजे आपला कडक चहा घेतला. इथे गाडीतून उतरायचं नाही. हॉर्न वाजवायचा, पोऱ्या कागदी कप घेऊन खिडकीशी येतो. मला ही पद्धत आवडत नाही. चहा उभं राहून, इकडेतिकडे बघत प्यावा. त्या दिवशी तर गाडीत बसवतच नव्हतं. मी उतरलो आणि उन्हात फेऱ्या मारत चहा संपवला. टपरीवाला मलबारी माझ्याकडे काळजीने बघत होता.

सोहार औद्योगिक वसाहतीत गेटवर पहिली फजिती झाली. सेफ्टी शूज मी बौशरला विसरलो होतो. गेटवरून दोन नंबर मोठे बूट मिळाले. ते फटाक-फटाक वाजवत मी सुरक्षेच्या खोलीत गेलो. आत जाणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तिथे चित्रं दाखवतात: हेल्मेट घाला, मोबाईल बंद ठेवा, आग लागली तर कुठे जमायचं. माझ्याबरोबर आठ-दहा कामगार होते, बहुतेक बिहार आणि बांगलादेशचे. सातव्या की आठव्या चित्रात तेलाने भरलेला हौद आला. खाली हिंदीत लिहिलं होतं: ड्यूटी पर सोना मना है. शिकवणारा काठी पडद्यावर आपटून म्हणाला, "देखो, एक आदमी सोया, इतना तेल गया. समझा?"

"समझा," सगळे म्हणाले.

मीही म्हणालो. सवयीने तोंडातून गेलं. त्या खोलीत रोज नवी माणसं बसत होती. तीन वर्षं.

तरीही त्या दिवशी मी कुणाशी बोललो नाही. नवी पॅनेलं उतरवून घेतली, याद्या तपासल्या, मोठमोठ्याने सूचना दिल्या. हातात काम असलं की मला आपण चांगले आहोत असं वाटत राहतं.

काटा, मंगळवार

वजनकाट्याची केबिन मुख्य रस्त्याला लागून आहे. मी मुद्दाम तिकडून गेलो असं आज म्हणेन. त्या वेळी स्वतःला सांगितलं होतं की केबलचा मार्ग बघायचाय. पन्नाशीचा, आखूड दाढीचा एक माणूस खिडकीतून ट्रकवाल्याला पावती देत होता. ट्रकवाला ओरडला, "ओ नींदभाई, जल्दी! सो गया क्या?" त्याने न चिडता पावती पुढे केली.

मग त्याने मला पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"तुमी चिंचवडवाले ढवळेसाहेब ना? या, या. आत एसी हाय."

मी ओळखीचं हसलो. तीन वर्षांपूर्वी चार आठवडे आम्ही एकाच खोलीत बसलो होतो. पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं हे मी त्याला विचारून ठरवलं होतं. हात चटकन कुठे जातो ते त्यालाच माहीत. जेवणाची वेळ होती. त्याने डबा उघडला: तांदळाची भाकरी आणि माशाचं तिखलं, स्वतः रांधलेलं. अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

"राहण्याच्या ठिकाणी मेस आहे ना?" मी विचारलं.

"हाय की. पण तिथली डाळ खाऊन माणूस खरंच झोपेल." तो स्वतःच हसला.

दोन ट्रक गेले. मग तो पावतीपुस्तकाच्या कडा सारख्या करत म्हणाला, "साहेब, एक विचारू? रागावू नका. पडद्यावरचा आकडा चुकू शकतो का? म्हंजे... नुसता उभा राहू शकतो का?"

इथे मी उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर तीन शब्दांचं होतं. मी म्हणालो, "तपासून सांगतो. उद्या."

"उद्या सांगा, घाई नाय," तो म्हणाला. "मी कागदावर सही केलीय साहेब, झोप लागली म्हणून. सही केली तर नोकरी राहील म्हणाले. पोरं शिकतायत. सही केली. आणि आता इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलंय, लागली असेल झोप. डोळा लागला की माणसाला कुठं कळतं?"

मी हात धुतले आणि निघालो. हॉटेलवर न जाता संतोषला म्हटलं, जरा समुद्रावर सोड. सोहारचा किनारा लांब आणि रिकामा. कोळी जाळी आवरत होते. मागे पांढराशुभ्र किल्ला, आणि दिवस अजून बराच शिल्लक. मी त्या वाळूवरून जोरात चालत सुटलो, परत फिरलो, परत चालत सुटलो. माझी चूक पंपाची आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तेलाची, हौदाची. या माणसाने सांगितलं की त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला आहे. ते मी कुठल्या यादीत धरलंच नव्हतं.

एका म्हाताऱ्या कोळ्याने हाक मारून मला बसवलं. थर्मासमधून कहवा ओतला, खजूर पुढे केले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. आपल्याकडे समुद्रावर एकटा येरझाऱ्या घालणारा माणूस दिसला तर लोक लांबून बघतात. इथे त्याला कॉफी देतात. दोन कप पिऊन मी "शुक्रन" म्हटलं आणि गाडीत थांबलेल्या संतोषला म्हटलं, "उद्या सकाळी मेंटेनन्सच्या इंजिनीअर सल्मांना भेटायचंय. पॅनेल उघडायच्या आधी."

संतोषने गाडी सुरू केली. "तुमची नोकरी जाईल ओ," एवढंच म्हणाला.

कंट्रोल रूम, बुधवार

इंजिनीअर सल्मा या सोहारच्याच. देखभाल विभागाच्या प्रमुख, पस्तिशीच्या आतल्या. इंग्रजी बोलतात, सावकाश आणि नेमकं. तिकडची रीत म्हणून आधी माझी, घरच्यांची, प्रवासाची चौकशी झाली. प्रत्येक प्रश्नाला मी "सगळे बरे आहेत" म्हणालो. शेवटी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून मी ती चौकट दाखवली.

त्यांनी दोनदा वाचली. मग कपाटातून जुनी फाईल काढून माझा मेल समोर ठेवला.

"हे लिहिताना तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता. मी प्रोग्रॅम उघडून तपासला नाही."

"का?"

"तपासला असता तर कळलं असतं."

"हे त्या चुकीपेक्षा वाईट आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मी मान हलवली. त्यांनी फोन उचलला आणि सांगितलं, जुना कंट्रोलर आज कुणी काढायचा नाही, आणि काट्यावरून इब्राहिमला बोलवा.

कंट्रोल रूममध्ये शिफ्टवरचा ऑपरेटर इब्राहिमभाईंना पाहून म्हणाला, "अरे नींदभाई, तकिया लाया?" दोघेतिघे हसले. सल्मांनी त्याला खुर्ची सोडायला सांगितलं आणि इब्राहिमभाईंना तिथे बसवलं. अर्धी भरलेली एक टाकी निवडली. एका माणसाला मोजपट्टी आणि वॉकीटॉकी देऊन टाकीवर चढवलं.

पडद्यावर आकडा होता त्रेचाळीस. मी जाऊन केबल काढली.

"पंप चालू करा," सल्मा म्हणाल्या.

इब्राहिमभाईंनी बटण दाबलं. पाच मिनिटं गेली. पडद्यावर त्रेचाळीस. वॉकीटॉकी खरखरला: "चव्वालीस हो गया." पडद्यावर त्रेचाळीस. लाल पट्टी नाही, घंटा नाही. "छियालीस." "अडतालीस, मॅडम." सगळे त्या त्रेचाळीसकडे बघत होते, तो शहाण्यासारखा जागच्या जागी उभा होता.

इब्राहिमभाईंनी डोळे मिटले नाहीत. पापणीही हलवली नाही. जवळपास अर्धा तास तो माणूस पडद्याकडे बघत बसला आणि मग कुणी न सांगता पंप बंद केला.

"वेळेच्या हिशोबानं पन्नासला बंद केला मॅडम," ते म्हणाले. "टाकीवर विचारा."

टाकीवरून उत्तर आलं: पन्नास.

शिफ्टवरच्या ऑपरेटरने पाण्याची बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि "लो, इब्राहिमभाई" म्हणून बाजूला जाऊन उभा राहिला.

गेटबाहेर, त्याच दुपारी

सल्मांनी तिथेच दोन कागद तयार करायला घेतले, एक माझा जबाब, एक त्यांच्या वरिष्ठांसाठी. मी जे होतं ते सगळं लिहून सही केली. सल्मांच्या टेबलावर चिंचवडहून माझ्या साहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत. "ढवळे, तुला कुणी विचारलं होतं का?" असं विचारलं आणि गुरुवारच्या विमानाने परत ये म्हणाले. उरलेलं काम दुसऱ्या इंजिनीअरने पूर्ण केलं. माझं काय करायचं ते हे लिहीपर्यंत ठरलेलं नाही. इब्राहिमभाईंना कंट्रोल रूममध्ये परत बोलावलंय. त्यांनी विचार करायला आठ दिवस मागून घेतले.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. प्लँटमध्ये मोबाईल चालत नाही, म्हणून इब्राहिमभाई मला गेटबाहेर घेऊन आले. ट्रकच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"माफी-बिफी नंतर. मी घरी बायकोला सांगितलं होतं, माझा डोळा लागला. सहीचा कागद आला तेव्हा. गावची इतकी माणसं इथं, तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगितलं. तिनं आईला सांगितलं, आईनं सगळ्यांना." त्यांनी नंबर लावला. "मी आता काय सांगितलं तर ती म्हणेल, नवरा स्वतःची बाजू धरतोय. तुमी सांगा."

फोन माझ्या हातात आला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज आणि एका बाईचं "हॅलो? कोण?"

मी सांगितलं. कंट्रोलर, केबल हे शब्द टाळून सांगितलं की पडद्यावर चुकीचा आकडा दिसत होता, तो मी केलेल्या कामामुळे दिसत होता, आणि मला विचारलं तेव्हा मी खोटं उत्तर दिलं.

"मग हे झोपले नव्हते?"

"नाही. जागे होते."

इब्राहिमभाई ट्रकच्या चाकाकडे बघत होते.

"तीन वर्षं लागली तुमाला हे सांगायला?" ती म्हणाली.

"हो."

"त्यांच्या आईला सांगायचं राहिलं ओ. ती गेली गेल्या पावसात." मग तिने घरात कुणाला तरी वही आण म्हटलं. "आता मी सगळ्यांना सांगणार. मशिदीपाशी, बाजारात, सगळीकडं. नुसतं 'कोणी साहेब बोलला' म्हटलं तर कोण ऐकणार? नाव सांगा तुमचं. पूर्ण. सावकाश सांगा, लिहून घेते."

मी नाव सांगितलं. श्रीकांत. मग वडिलांचं. मग आडनाव. आडनाव तिला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी ते परत, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.